घराची वायरिंग : हिशेब स्लॅबच्या आधी



ऊस विकास विभागाच्या पानावर विजेच्या वायरींचा मजकूर पाहून काहींना नवल वाटेल. आमचे काम बेण्याचे, खताच्या मात्रेचे, खोडव्याचे. परंतु प्लॉट पाहून झाला की चहा सभासदाच्या ओट्यावरच होतो, आणि अलीकडे ओट्यावर बसले की समोर वाळू, विटा आणि सळई पडलेली दिसते. धाब्याची घरे जाऊन स्लॅबची घरे होत आहेत. उसाचे बिल, केळीचे पैसे, नोकरीवरच्या मुलाचा पगार असे जमवून सभासद घर बांधतो. चांगली गोष्ट आहे. मात्र एकामागून एक घरे पाहताना एक खोड सगळीकडे सारखीच आढळली. विजेचा खर्च आधी कोणी धरतच नाही.

पाया, विटा, स्लॅब, प्लास्टर, फरशी, रंग, फाटक यांचे आकडे घरमालकाला तोंडपाठ असतात. आणि वायरिंगचे काय धरले, असे विचारले तर उत्तर येते, "ते काय साहेब, शेवटी होऊन जाईल. वायरमन आपल्या घरचाच आहे." तो शेवट येतो तेव्हा पैसा सरलेला असतो, आखाजी तोंडावर आलेली असते, वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून झालेल्या असतात. मग वायरमनला सांगायचे, कसेही कर पण एवढ्यात बसव. तो बसवतो. कशाला कात्री लावून बसवतो ते घरमालकाला दिसत नाही, कारण ते भिंतीच्या आत असते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी गिरणाकाठच्या एका गावी आम्ही लागवडीच्या नोंदी घेण्यास गेलो होतो. वेळ दुपारची. ज्या सभासदाकडे जायचे होते त्यांच्याकडे गर्दी दिसली. त्यांची सून चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होती, आणि ओतता ओतता तिचा हात पत्र्याला चिकटला. सासूबाई शेजारीच धुणे धूत होत्या. त्यांनी हातातले लाकडी धोपाटणे सुनेच्या हातावर मारून तो सोडवला. सून वाचली. तळहात भाजला, आणि दोन दिवस ती बोलली नाही. नंतर आम्ही कारखान्याच्या विद्युत विभागातील एका सहकाऱ्याला तेथे घेऊन गेलो. त्याने सॉकेट उघडले. सॉकेट तीन पिनचे, नवे कोरे, पांढरेशुभ्र. पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नव्हती! सगळ्या घरात हिरवी वायर ओढलेलीच नव्हती. वायरमन म्हणाला, पॉइंटच्या ठरलेल्या दरात अर्थिंग नव्हते, जादा मागितले तर नको म्हणाले. घरमालक म्हणाले, आम्हाला वाटले ते कारखान्या-बिरखान्याला लागते. त्या घराच्या फाटकावर मात्र सिमेंटचे दोन सिंह बसवलेले आहेत.

त्या दिवसापासून आम्ही ठरवले की हा विषय लिहायचा. विजेतील बारकावे आम्ही विद्युत विभागाच्या मंडळींकडून समजावून घेतले आहेत. हिशेबाची पद्धत मात्र शेतकऱ्याचीच आहे, आणि ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. कारण ठिबकचा आराखडा जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

ठिबक करताना आपण आधी पाइप विकत आणत नाही. आधी क्षेत्र मोजतो, ओळी मोजतो, एका ओळीला ड्रिपर किती आणि ताशी पाणी किती ते काढतो. त्यावरून लॅटरल, त्यावरून सबमेन, त्यावरून मेन, आणि शेवटी मोटार. १६ मिलिमीटरची नळी मेन म्हणून कोणी टाकत नाही. घराच्या विजेचेही तसेच. दिवा, पंखा, कूलर हे ड्रिपर समजा. भिंतीतील बारीक वायर ही लॅटरल. बोर्डापर्यंत येणारी वायर सबमेन, आणि मीटरपासून घरातील डब्यापर्यंत येणारी जाड वायर ही मेन. ज्या डब्यातून वाटा फुटतात त्याला वायरमन डीबी म्हणतात. तो आपला व्हॉल्व्हचा चौथरा. फरक एकच. पाइप लहान पडला तर पाणी कमी येते. वायर बारीक पडली तर ती तापते, वरचे आवरण वितळते आणि घर पेटते.

तेव्हा पहिले काम म्हणजे वहीचे एक पान घेऊन खोलीवार पॉइंट लिहिणे. उदाहरणादाखल एक साधे घर घेऊ. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मधली खोली, झोपण्याची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, जिना आणि मागे गोठा. दिवे मोजले तर १३ होतात. पंखे ३, स्वयंपाकघरात धूर ओढणारा छोटा पंखा १. टीव्ही, फ्रिज, मधल्या आणि झोपण्याच्या खोलीत मोबाइल वगैरेसाठी एकेक, आणि कूलरसाठी २ अशी साधी सॉकेटे ६. हे झाले २३. जड कामाची, म्हणजे १६ अँपिअरची सॉकेटे वेगळी मोजायची. मिक्सरसाठी एक, इस्त्रीसाठी एक, न्हाणीतील गिझरसाठी एक आणि टाकीवर पाणी चढवणाऱ्या मोटारीसाठी एक, अशी ४. एकूण पॉइंट २७.

कूलरच्या पॉइंटची जागा घरातील बायामाणसांना विचारून ठरवावी. आपल्याकडे भुसावळ-जळगावची मे महिन्यातील दुपार ४५ अंशांच्या पुढे जाते आणि कूलर ही चैन राहिलेली नाही. पण कूलर खिडकीत आणि सॉकेट समोरच्या भिंतीला, असे दहा घरांत तरी आम्ही पाहिले. मग मधून लांब वायर सोडायची, तिला मध्येच जोड, जोडावर चिकटपट्टी, आणि खाली सांडलेले पाणी. खिडकीशेजारी, पाणी उडणार नाही इतक्या उंचीवर सॉकेट घेतले तर खर्च तोच होतो. फक्त ते प्लास्टरच्या आधी सुचले पाहिजे.

आता भार काढू. एलईडी दिवे १० वॉटचे धरले तर १३ दिव्यांचे १३० वॉट. साधे पंखे ७५ प्रमाणे २२५. छोटा पंखा ४०. टीव्ही १००, फ्रिज २००, दोन कूलर ४००. येथवर १,०९५ वॉट. म्हणजे २३ पॉइंट मिळून एका इस्त्रीएवढेच काम करतात, हे ध्यानात घ्या. पुढे मिक्सर ७५०, इस्त्री १,०००, गिझर २,०००, एक अश्वशक्तीची मोटार ओढते ते १,००० धरा. हे चौघेच ४,७५० वॉट झाले. एकूण ५,८४५. यास २३० व्होल्टने भागले म्हणजे सुमारे २५ अँपिअर येतात. सगळे एकदम कधी चालत नाही. गिझर हिवाळ्यात आणि कूलर उन्हाळ्यात. त्यामुळे एका वेळचा भार तीन ते साडेतीन हजार वॉटच्या घरात राहील. पण वायर ही पुढच्या पंचवीस वर्षांसाठी भिंतीत जात असते. आज नसलेले एसी मुलाच्या लग्नात येणार, हे धरूनच मेनची वायर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी आणि मेनला ३२ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी ठेवावा, असे आमच्या विद्युत विभागाचे मत आहे.

वाटा कशा पाडायच्या याचा प्रघात असा, की दिव्या-पंख्याच्या एका वाटेवर १० पेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॉटपेक्षा जास्त भार नसावा, आणि जड कामाच्या एका वाटेवर दोनपेक्षा जास्त सॉकेटे नसावीत. आपल्या २३ पॉइंटांना ३ वाटा लागल्या. गिझर एकटा, मोटार एकटी, मिक्सर आणि इस्त्री मिळून एक, अशा आणखी ३. झाल्या ६. दोन वाटा पुढच्यासाठी रिकाम्या ठेवल्या म्हणजे डबा ८ वाटांचा घ्यावा लागेल. चारच्या डब्याऐवजी आठचा घेतला तर दुकानात थोडेच पैसे जादा जातात. उद्या भिंत फोडून डबा बदलायचा म्हणजे वायरमन, गवंडी आणि रंगारी तिघांची मजुरी.

दिव्याच्या वाटांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. जड वाटांना २.५ ची वायर आणि १६ चा एमसीबी. एमसीबी सारखा पडतो म्हणून १० च्या जागी ३२ चा बसवणारे महाभाग आहेत. व्हॉल्व्ह फुटतो म्हणून तेथे लोखंडी बूच ठोकल्यासारखेच ते. मग पाइप कोठे फुटेल ते सांगता येत नाही.

वायर किती लागेल हे वायरमनच्या तोंडी अंदाजावर सोडू नये. दोरी घेऊन मोजावे. बोर्ड जमिनीपासून चार फुटांवर, छत दहा फुटांवर. बोर्डापासून वर सहा फूट, छतातून दिव्यापर्यंत आठ फूट. झाले चौदा. त्यातून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी जातात, म्हणजे बेचाळीस फूट. सुमारे १३ मीटर. असे १७ पॉइंट, कारण सहा सॉकेटे बोर्डातच बसतात. झाले २२१ मीटर. डब्यापासून सात बोर्डांपर्यंत सरासरी ९ मीटर, पुन्हा तीन वायरी, म्हणजे १८९. दोन्ही मिळून ४१०. वायरीचे बंडल ९० मीटरचे येते. म्हणजे साडेचार बंडले, तुटफूट धरून पाच. त्यांत लाल, काळी आणि हिरवी अशी वाटणी करावी. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. २.५ च्या वायरीची चार सॉकेटांपर्यंतची अंतरे अशीच मोजावीत. वरच्यासारख्या घरात ती दीड-दोन बंडले भरते. मेनची वायर बंडलाने नव्हे तर मीटरवर मोजून घ्यावी.

भाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही. तांब्याचा भाव आठवड्याला हलतो आणि पत्रिका आपल्या हाती पडेपर्यंत आमचा आकडा शिळा होईल. आपण वरील यादी घेऊन तालुक्याच्या गावी दोन दुकानांतून लेखी दर आणावेत, त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वरून लागणार आहे ते विचारावे, आणि वहीत समोर लिहावे. यादी हातात असली म्हणजे दुकानदारही जपून बोलतो. यादी नसली की तो "घर केवढं आहे?" विचारून अंदाजपंचे बिल करतो.

पैसे केव्हा लागतात

घरातील विजेचे पैसे चार वेळा लागतात. पहिल्यांदा स्लॅब पडण्याच्या आधी, पाइप, पंख्याचे डबे आणि हुक यांसाठी. ही रक्कम सर्वांत लहान, पण ती चुकली तर पुढचे सगळे चुकते. स्लॅबमध्ये पाइप नसला की मग छताखालून उघड्या पट्ट्या मारत बसावे लागते. दुसऱ्यांदा प्लास्टरच्या आधी, भिंतीतील पाइप, बोर्डांचे डबे आणि अर्थिंगचा खड्डा यांसाठी. तिसऱ्यांदा प्लास्टर वाळल्यावर, वायरींसाठी. ही रक्कम सगळ्यांत मोठी. चौथ्यांदा रंगाच्या अखेरीस, बटणे, डबा, पंखे आणि वायरमनची उरलेली मजुरी.

यातील तिसरी रक्कम ज्या दिवशी उसाचे बिल खात्यावर जमा होईल त्याच आठवड्यात खर्चून टाकावी, असा आमचा सल्ला आहे. सिमेंट आणून ठेवले तर त्याचा दगड होतो. वायर आणून ठेवली तर काही बिघडत नाही. पत्र्याच्या पेटीत, उंदरापासून जपून ठेवावी म्हणजे झाले. हातात पैसे राहिले तर ते फरशीत जातात. फरशीच्या दुकानात मोठाले आरसे आणि थंड हवा असते, वायरीच्या दुकानात नसते. आमच्या मते सगळा फरक तेथेच पडतो.

अर्थिंग आणि आरसीसीबी

आता मुद्द्याच्या ठिकाणी थोडे थांबू. कूलरच्या आत मोटारीच्या वायरीचे आवरण झिजले आणि फेज पत्र्याला लागला, तर पत्र्यात २३० व्होल्ट उभे राहतात. हिरवी वायर पत्र्यापासून जमिनीत गेलेली असेल तर वीज त्या वाटेने निघून जाते. शेतात चर काढलेला असला म्हणजे पाणी सरीत तुंबत नाही, तसे. चर नसेल तर पाणी जिकडे वाट मिळेल तिकडे जाते. कूलरला हात लावणारी ओल्या पायांची बाई हीच मग ती वाट.

परंतु चर काढला आणि तो बुजलेला असला तर? आपल्याकडे हेच होते. खान्देशातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती आक्रसून सुटते, ओल जाते, आणि विजेला जमिनीत उतरणे अवघड होते. म्हणजे पावसाळ्यात अर्थिंग चांगले आणि कूलर बंद. मे महिन्यात कूलर चालू आणि अर्थिंग कोरडे. ढोबळ हिशेब पाहा. अर्थिंगचा अडथळा ५ ओहम असेल तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर वाहतील आणि एमसीबी पडेल. तोच अडथळा वाळून ५० ओहम झाला तर वाहतील केवळ ४.६ अँपिअर. एमसीबी ६ किंवा १० चा. तो पडणारच नाही! पत्रा तसाच जिवंत राहील.

शिवाय एमसीबी हा वायरीचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत काहीच बोलत नाही. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरहून अधिक वीज काही क्षण वाहिली तरी जिवाला धोका असतो. १६ अँपिअरचा तो पाचशेहून लहान भाग झाला. म्हणून माणसासाठी वेगळा राखणदार लागतो. त्याचे नाव आरसीसीबी. जुनी मंडळी त्याला ईएलसीबी म्हणतात.

त्याचे काम आपल्या कारखान्याच्या फाटकावरील वॉचमनसारखे आहे. फेजमधून किती वीज आत गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली याची तो सतत नोंद ठेवतो. जेवढी गेली तेवढी आली तर ठीक. थोडी जरी कमी भरली, तर ती मधेच कोणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गेली असे समजून तो डोळ्याची पापणी लवण्याआधी फाटक बंद करतो. घरासाठी हा ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा, सरकारी सुरक्षा नियमातही घरगुती जोडणीला हीच मर्यादा आहे. १०० किंवा ३०० चे स्वस्तात मिळाले म्हणून आणू नयेत, ते माणसासाठी नाहीत. आपल्या उदाहरणातील घराला ४० अँपिअरचा, दोन पोलचा, ३० मिलिअँपिअरचा बसेल. एक मर्यादा सांगून ठेवतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्याला फरक कळत नाही. म्हणून तो आहे म्हणून उघड्या वायरीला हात लावायचा नाही.

आता त्याची किंमत. भाव देणार नाही म्हणालो, पण येथे अपवाद करतो. चांगल्या कंपनीचा असा आरसीसीबी साधारण दीड ते अडीच हजार रुपयांत मिळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आणि साडेनऊ टक्क्यांच्या खालच्या उताऱ्याला ३,२९०.५० रुपये ठरवला. तोडणी-वाहतूक वजा केली तरी हे यंत्र फार तर एका टनाचे आहे. एका बैलगाडीत आपण त्याहून जास्त ऊस भरतो.

अर्थिंगचा खड्डा भिंतीपासून निदान दीड मीटर दूर, अडीच ते तीन मीटर लांबीचा जस्ती पाइप उभा गाडून करावा. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याची जुनी रीत चालते, पण मिठाने पाइप काही वर्षांत खातो हेही खरे. पुड्यात मिळणारे तयार मिश्रण वापरले तर तो त्रास कमी. जागा मात्र न्हाणीच्या किंवा टाकीच्या सांडपाण्याजवळ निवडावी, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहते. वर छोटा हौद आणि झाकण करावे. आणि झाल्यावर वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. पाचच्या आत आले तर उत्तम. गळीत हंगामाआधी कारखान्यातील अर्थिंग दर वर्षी मोजले जाते. घरातले कोणी एकदाही मोजत नाही.

काटकसर कोठे करावी

सगळीकडेच खर्च करा असे आम्ही म्हणत नाही. काटकसरीला पुष्कळ जागा आहे. बटणे आणि त्यांच्या पट्ट्या यांत फार मोठा फरक असतो. साध्या आयएसआय बटणांनी दिवा तेवढाच लागतो. खोट्या छताचे रंगीत दिवे, जिन्यातील पट्टीचे दिवे, फाटकावरील गोल दिवे पुढच्या वर्षी बसवता येतात, फक्त पाइप आत्ता टाकून ठेवावा. पाइपच्या दराने काम भागते. एका खोलीत चार दिव्यांऐवजी दोन लावावेत. कोठे कमी करू नये, ते म्हणजे वायरीची जाडी, हिरवी वायर, खड्डा आणि आरसीसीबी. वायरीवर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला पाहून घ्यावा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवतात. टोक सोलून चाकूने खरवडले की आत पांढरी निघते. बंडल हातात घेऊन वजनही पाहावे, उसाच्या मोळीचे वजन हातावर सांगणाऱ्यांना हे शिकवायला नको.

वायरमनशी पॉइंटप्रमाणे मजुरी ठरवताना कागदावर एक वाक्य लिहून घ्यावे, की प्रत्येक पॉइंटला अर्थची वायर, बटण फेजवर, आणि अर्थिंग व डब्याची जोडणी या दरात धरलेली आहे. गिरणाकाठच्या त्या घरी भांडण याच वाक्याचे होते. नव्या मीटरच्या अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा तपासणी अहवाल द्यावा लागतो. पुष्कळदा तो न पाहताच सही करून येतो. आपण पैसे देतो तर ठेकेदाराला घरी बोलवावे, मेगर लावायला सांगावे आणि आकडा आपल्या वहीत उतरवावा. ५०० व्होल्टच्या मेगरवर निदान १ मेगओहम आले पाहिजे.

आरसीसीबी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात तो वारंवार पडला, तर समजावे की कोठेतरी दोन वाटांचे न्यूट्रल एकत्र झाले आहेत किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल चुकला आहे. काही वायरमन यावर सोपा उपाय काढतात, आरसीसीबी बायपास करतात आणि नुसता डब्यात शोभेला ठेवतात. तसे करू देऊ नये. दोष शोधायला अर्धा दिवस लागतो. ती अर्ध्या दिवसाची मजुरी आधीच अंदाजात धरावी. इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर तेही पाइप टाकतानाच सांगावे.

ज्यांचे घर जुनेच आहे, मातीच्या भिंती, धाबे, लाकडी पट्टीवरची वायर आणि चिनी मातीचे फ्यूज, त्यांनी सगळे एकदम बदलण्याच्या विचाराने काहीच न करणे हे बरे नव्हे. एका हंगामात खड्डा, नवा डबा आणि आरसीसीबी. पुढच्या हंगामात स्वयंपाकघर, न्हाणी आणि कूलर यांच्या वाटा नव्या वायरीने. तिसऱ्या वर्षी बाकीचे. मातीच्या भिंतीत झिरी पाडू नये, वरून प्लास्टिकची केसिंग पट्टी मारावी. लाकडी पट्टी वाळवी खाते आणि आतील जुनी वायर उंदीर.

मळ्यात राहणाऱ्या सभासदांना एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. शेतीपंपाच्या जोडणीवरून घराला वीज घेऊ नये. राज्य शासनाने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आणली, ती पंपासाठी आहे. मंजूर कामाखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरली तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. पण आमची खरी काळजी दंडाची नाही. मळ्यातील घरात न्यूट्रल मिळत नाही म्हणून बोअरच्या केसिंगला किंवा जमिनीतील सळईला दुसरी वायर बांधून दिवा लावण्याची पद्धत आहे. दिवा लागतो खरा. पण ती सळई आणि भोवतालची ओली जमीन जिवंत होते, आणि बैल तेथेच बांधलेले असतात. घरासाठी घरगुती जोडणीच मागावी, आणि खांबापासूनच्या अंतराचा खर्च घराच्या अंदाजात पहिल्या ओळीत लिहावा. काही ठिकाणी तो सगळ्या वायरिंगपेक्षा मोठा निघतो, म्हणून घराची जागा ठरवतानाच महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारावे.

छतावर सौर पॅनेल लावण्याचा विचारही आता पुष्कळ सभासद करतात. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले होते. आज पॅनेल घ्यायचे नसले तरी छतापासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप स्लॅबच्या वेळी सोडून ठेवावा, आणि डब्यातील रिकामी वाट राखून ठेवावी. पॅनेलला अर्थिंग वेगळे लागते, घराच्याच खड्ड्यात सगळे बांधू देऊ नये.

आरसीसीबीवर टी अक्षराचे एक छोटे बटण असते. ते दाबले की वीज गेली पाहिजे. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून अमावस्येला बैल सोडलेले असतात त्या सकाळी दाबावे. दाबूनही वीज गेली नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. आणि मार्चपासून मिरगाच्या पावसापर्यंत दर आठ दिवसांनी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे. कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बादली. हे घरातील लेकी-सुनांना वाचून दाखवावे, कारण कूलर भरण्याचे काम त्यांच्याकडेच असते.